दुसऱ्या अंकातली आई

भिंगकाकाला आईचा चेहरा फोटोतून माहीत होता, तिचे हात थोडेसे आठवत होते, पण तिचा आवाज काही केल्या आठवत नव्हता. ती गेली तेव्हा तो जेमतेम पाच वर्षांचा होता. त्या वयात काय लक्षात राहावं आणि काय पुसलं जावं याला काही धरबंध नसतो. त्याला जिन्याखालची अंधारी जागा आठवायची. आईच्या तपकिरी स्वेटरला कोपराशी पडलेलं भोक आठवायचं. ओल्या कपड्यांचा वास तर असा आठवायचा की आजही कुठे कपडे वाळत असले की त्याची पावलं आपोआप मंदावायची. आवाजाच्या जागी मात्र काहीच नव्हतं. आई त्या भोकाच्या कोपराने त्याला जवळ घ्यायची, तिचे ओठ हलायचे आणि ऐकू काहीच यायचं नाही.

भिंगकाका हे गल्लीने ठेवलेलं नाव. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, चपला शिवणारा आणि वह्या-पेनं विकणारा यांच्या मधोमध चिंचोळ्या जागेत कोंबलेलं. पुढे काचेचं कपाट, त्यात ओळीने मांडलेल्या फ्रेमा. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. मागे पडदा आणि पडद्याआड काचा घासायचं चाक. माणूस गरीब स्वभावाचा, बोलणं बेताचं. दिवसभर लोकांच्या नाकावर ती तपासणीची जड फ्रेम चढवायची, एकेक भिंग सरकवायचं आणि विचारायचं, "ही स्पष्ट, की ही?" लोक गोंधळायचे. परत विचारायचा. कधी वैतागला म्हणून नाही.

त्याला वाढवलं आत्याने. ती वडिलांची थोरली बहीण, टपाल कचेरीत पार्सलं तोलायची आणि बोलायचीही तशीच, ठोक वजनात. वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे. घरी आले की पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसायचे आणि झोप पुरी व्हायच्या आत पुन्हा निघायचे. घरात आईचा विषय बंद होता असं नाही, पण तो निघाला की वडील उठून ट्रकचं तेलपाणी बघायला खाली जायचे. हळूहळू सगळ्यांनीच तो काढणं सोडून दिलं.

तो एकोणीस वर्षांचा झाला तेव्हा कचेरीत कोणाला तरी नाटकाची तिकिटं जास्त झाली आणि त्यातली दोन आत्याच्या गळ्यात पडली. नाटकाचं नाव ‘निघता निघता’. नाटककाराचा तेव्हा नुकताच बोलबाला सुरू झाला होता.

"मला काय कळतंय त्यातलं," आत्या म्हणाली. "पण खुर्च्या मऊ असतात म्हणे. चल."

पहिल्या अंकात आत्याने खरोखरच एक डुलकी काढली. नाटक साधं होतं. एक बाई वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने देते. नवरा दूर कुठेतरी कामाला, तो वर्षातून कधीतरी येणार. खोलीत एक तरुण भाडेकरू. दुसऱ्या अंकात त्या तरुणाला परगावी नोकरी लागलीये, तो पेटी घेऊन निघालाय, आणि ती बाई खालच्या पायरीवर मोजा रफू करत बसलीये. अख्खा अंक तो निघतोय आणि ती त्याला थांबवतेय. ‘थांब’ असं एकदाही म्हणत नाही. किल्ली दिलीस का, कंगवा राहिला असेल बघ, बाहेर वारा आहे, ते वरचं बटण लाव, अशी एकेक फुसकी कारणं. लोक खो खो हसत होते. मग तो म्हणतो, आता खरंच जायला हवं. त्यावर ती म्हणाली,

"जाशील रे. जायला काय, नुसते पाय लागतात."

आत्या खाडकन ताठ बसली. तिने त्याचं मनगट असं धरलं की पुढे दोन दिवस तिथे वळ होता.

"अरे," ती भर नाट्यगृहात मोठ्याने म्हणाली, "ही तर वहिनी बोलतेय!"

पुढच्या रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. आत्याला त्याचं काही नव्हतं. ती रंगमंचाकडे बघत रडत होती. त्याने आत्याला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. आणि तो? तो त्या पायरीवरच्या अनोळखी नटीकडे बघत राहिला, आणि कानांत प्राण आणणं म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आत्याने सगळं सांगितलं.

"आपल्या वरच्या खोलीत राहायचा तो, हे नाटक लिहिणारा. शाळेत मास्तर होता, पण पोरं त्याला धूप घालायची नाहीत. संध्याकाळी आला की खिडकीशी बसून लिहीत सुटायचा. तुझी आई कपडे वाळत घालायला वर जायची आणि त्याच्या दारात उभी राहून बोलायची. बोलायची म्हणजे काय, उघडा नळ! हा आपला मान खाली घालून लिहितोय. हूं नाही की चूं नाही. मी म्हणायची, अगं वहिनी, तो बहिरा आहे, कशाला घसा कोरडा करतेस? तर म्हणायची, असू दे की, बहिऱ्याशी बोलायला बरं असतं, मध्ये तोंड घालत नाही."

"आणि ते पायांचं? ते ती खरंच म्हणायची?"

"उठसूट! दूधवाल्याला म्हणायची, पोस्टमनला म्हणायची, मला म्हणायची. दारात आलेलं माणूस तिला सोडवायचं नाही रे. एकटी पडायची ना ती." आत्याने कप खाली ठेवला. "तुझ्या बापाला तर जास्तच म्हणायची."

"मग?"

"मग काय. मास्तरला दुसरीकडे नोकरी लागली, गेला. वर्ष गेलं नसेल, वहिनी अंथरुणाला खिळली. आम्हाला वाटायचं, मास्तर बहिरा. मेला सगळं कानात भरून घेऊन गेला की!"

त्या आठवड्यात वडील घरी आले तेव्हा त्याने त्यांच्यासाठी तिकीट काढून ठेवलं होतं. काय नाटक आहे, कोणी लिहिलंय, सगळं सांगितलं. संध्याकाळी वडिलांनी दाढी केली, चांगला कोट चढवला, बूट पुसले. दोघं दारापर्यंत आले. तिथे वडील थांबले.

"तू जा," ते म्हणाले.

"का? चला ना बाबा. दुसरा अंक तरी बघा."

"घरात होती तेव्हा ऐकून नाही घेतलं," वडील म्हणाले, "आता तिकीट काढून काय ऐकू?"

आणि कोट न काढताच ते आत जाऊन खुर्चीच्या कडेवर बसले. तो एकटा गेला. परत आला तेव्हा ते तसेच बसलेले होते. कशी होती, असं त्यांनी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

तिथून त्याला नादच लागला. ‘निघता निघता’ कुठेही लागलं की तो जायचा. दरम्यान तो एका म्हाताऱ्या चष्मेवाल्याच्या हाताखाली काचा घासायला शिकला, आणि पुढे म्हाताऱ्याने दुकान त्याच्याच हवाली केलं. पण पहिल्या दिवशी ऐकला तसा आवाज त्याला पुन्हा सापडेना. त्या दिवशी तो इतका हबकला होता की नीट ऐकायचंच राहून गेलं होतं. आणि तो पुन्हा गेला तोवर ती पहिली नटी नाटक सोडून गेली होती. दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या. वाक्य तेच, पायरी तीच, मोजाही तोच. आई मात्र येता येता राहून जायची.

मग एकदा नाटककार स्वतः शहरात आला. नाट्यगृहात त्याचा सत्कार होता. तोवर त्याची आणखीही नाटकं गाजली होती. घराची वाटणी करणाऱ्या दोन भावांचं एक होतं, निवृत्त झाल्यावरही रोज कचेरीत जाऊन बसणाऱ्या कारकुनाचं एक होतं. पण लोक फर्माईश करायचे ती ‘निघता निघता’चीच. सत्कार आटोपल्यावर भिंगकाका रंगपटाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. तेव्हा तो तिशीच्या आतला. आत हार-तुऱ्यांच्या पसाऱ्यात नाटककार बसला होता. अंगाने गोल, केस पांढरे, आणि नाकावरचा चष्मा पार तिरका. एक दांडी वाकलेली. ते पाहून भिंगकाकाला राहवेना.

"चष्मा द्या जरा इकडे," तो म्हणाला. "मी चष्मेवालाच आहे."

नाटककाराने मुकाट्याने चष्मा काढून दिला. चष्म्याविना त्याला समोरचं काही दिसत नसावं, कारण तो भिंगकाकाच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत हसत राहिला. भिंगकाकाने दांडी बोटांत धरून हळूहळू सरळ केली आणि तेवढ्यात विचारून घेतलं.

"तुम्ही मास्तर होतात तेव्हा आमच्या वरच्या खोलीत राहायचात. वळणावरचं घर. बाहेरून जिना, हिरवं दार."

"हिरवं होतं का ते?" नाटककार म्हणाला.

"ती दुसऱ्या अंकातली बाई माझी आई आहे ना?"

नाटककाराने गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "प्रत्येक गावात मला कोणीतरी भेटतं आणि हेच विचारतं. मागच्या गावात एक वकील आले होते. म्हणाले, ही माझी मामी, तुम्हाला कुठे भेटली? त्याआधी एक मुलगी म्हणाली, ही माझी ताई. मी त्या गावात कधी पाऊलही टाकलं नव्हतं. मी कोणाकोणाला नाही म्हणू?"

"मला नाही म्हणताय का?"

उत्तर यायच्या आत माणसांचा लोंढा आत घुसला. कोणी फोटोसाठी हात धरून ओढत होतं, कोणी गाडी लागलीये म्हणून सांगत होतं. भिंगकाकाने सरळ केलेला चष्मा त्याच्या हातात दिला. तो नाकावर चढवून नाटककाराने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. भुवयांपासून हनुवटीपर्यंत, सावकाश. मग गर्दीने त्याला उचलूनच नेलं. दारातून मात्र तो ओरडला,

"तुमच्या आत्या आहेत ना अजून? त्यांना सांगा, मी बहिरा नव्हतो!"

हा निरोप ऐकून आत्या हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मेल्याने तेही ऐकलं होतं!" असं म्हणायची आणि पुन्हा हसायची. मग एकाएकी गंभीर झाली.

"आणि वहिनीबद्दल काय म्हणाला?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"माझ्याकडे बघत होता."

आत्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "बघणारच," ती म्हणाली. "हनुवटी सगळी तिची आहे."

वर्षं गेली. आधी वडील गेले, मग आत्या गेली, आणि एका सकाळी वर्तमानपत्रात नाटककार गेल्याचीही बातमी आली. नाटक तेवढं राहिलं. उलट आता ते अजरामर वगैरे ठरलं. मोठ्या कंपन्या करायच्या, कॉलेजची पोरं करायची, एकदा बँकेच्या कर्मचाऱ्यांनी केलं, आणि त्यात पेटी घेऊन निघालेला भाडेकरू साठीला टेकलेला होता. भिंगकाकाने कशालाच नाही म्हटलं नाही. एका नटीने ते वाक्य हुंदके देत म्हटलं. एकीने भाषण ठोकल्यासारखं, हात वर करून म्हटलं आणि टाळी घेतली. एकीचं फार जवळ आलं होतं, पण तिला त्या दिवशी सर्दी होती. एका नव्या दिग्दर्शकाने तर ते वाक्यच काढून टाकलं. लोकांना ते इतकं पाठ झालंय की आता म्हणायची गरजच उरली नाही, असं त्याचं म्हणणं होतं. भिंगकाका पडदा पडला तरी वाट बघत बसून राहिला होता.

"काय हो, कशा होत्या सासूबाई?" बायकोने घरी विचारलं.

"आलीच नाही," तो म्हणाला.

बायको दवाखान्यात नर्स होती. रोखठोक बाई. दिवसभर माणसांची खरी रडारड ऐकून आल्यावर पैसे मोजून खोटी कशाला बघायची, असं म्हणून ती कधीच त्याच्याबरोबर गेली नाही. पण अडवलंही नाही. भिंतीवर नव्या प्रयोगाची जाहिरात दिसली की स्वतःच येऊन सांगायची, "अहो, सासूबाई पुढच्या शनिवारी येतायत. कोट इस्त्रीला टाकू का?"

मुलगी शाळेत गेली तेव्हा तो प्रवेश तिच्या पुस्तकातच आला. खाली प्रश्न होता: ‘नुसते पाय लागतात’ या वाक्यातून बाईच्या मनाची कोणती अवस्था दिसते? मुलगी बापाकडे आली. भिंगकाकाने पुष्कळ विचार केला आणि सांगितलं, "लिही. आजीला वाटत होतं, कोणीतरी बसावं." मुलीने तसंच लिहिलं. बाईंनी ‘आजी’ला लाल गोल केला आणि अर्धा गुण दिला. मुलगी आठवडाभर बापाशी बोलली नाही.

भिंगकाकाचे स्वतःचे केस पांढरे झाले, त्याला स्वतःला जवळचा नंबर लागला, तेव्हाची ही गोष्ट. दुकानात एक म्हाताऱ्या बाई आल्या. बरोबर कोणी नव्हतं. काठी होती, गळ्यात निळा स्कार्फ होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, नवा नंबर काढायचा होता. आधीचं गिऱ्हाईक होईपर्यंत त्या तक्त्यासमोरच्या बाकावर बसून राहिल्या. मग त्याने त्यांना खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि वाचायला सांगितलं. बाईंनी वरपासून शेवटच्या बारीक ओळीपर्यंत सगळं घडाघडा म्हणून दाखवलं.

भिंगकाकाने भिंग बदललं, मुद्दाम धूसर केलं. बाईंनी पुन्हा सगळं घडाघडा म्हटलं.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही पाठ म्हणताय."

"अगंबाई!" त्या हसल्या. "बसल्या बसल्या झालं असेल. सवयच आहे हो. कागद समोर आला की पाठ होतो."

त्याने तक्ता काढून उलट्या बाजूचा लावला. पण पुढचं भिंग लावायचं सोडून तो बाईंकडे बघू लागला, कारण ते ‘अगंबाई’ त्याने कुठेतरी ऐकलं होतं. नाट्यगृहात, मऊ खुर्चीवर, आत्याने मनगट धरण्याच्या जरा आधी.

"‘निघता निघता’," तो म्हणाला. "पहिल्यांदा तुम्हीच केलं होतंत."

"कोणाला आठवतंय अजून!" बाई खूष झाल्या. "फार थोडे प्रयोग केले मी. मग माझं लग्न झालं, आणि त्या घरात नाटक चालणार नव्हतं. ते जाऊ दे. तुम्ही पाहिलं होतंत?"

भिंगकाकाने तपासणीची फ्रेम बाजूला ठेवली, स्टूल ओढून समोर बसला आणि वरची खोली, मास्तर, कपडे वाळत घालायला जाणारी आई, आत्या, सगळं सांगितलं. एवढं सलग तो आयुष्यात कोणाशी बोलला नसेल. बाईंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाल्या,

"तो मोजा आहे ना नाटकात, तो मूळचा नाही."

"म्हणजे?"

"तालमीत मला ते वाक्य जमत नव्हतं. मी त्या भाडेकरूच्या डोळ्यांत बघून म्हणायची. फार नाटकी व्हायचं. एके दिवशी तुमचे मास्तर उठून आले, स्वतः पायरीवर बसले आणि म्हणून दाखवलं. नक्कल नाही हो, साधंच. पण खाली वाकून म्हणाले. मी विचारलं, खाली काय आहे? तर म्हणाले, पोरगं आहे. तिच्या मांडीवर तिचं पोरगं आहे, ती त्याच्या पायात मोजा चढवतेय, आणि ते पाय झाडतंय. बोलतेय जाणाऱ्याशी, पण बघतेय पोराच्या पायांकडे. म्हणून तिला पाय सुचले." बाई थांबल्या. "पहिल्या लिखाणात ते पोरगं होतं. पण रोजच्या प्रयोगाला एवढंसं पोर कोण सांभाळणार? झोपलं तर? रडलं तर? निर्मात्याने कटकट केली, म्हणून मग पोर काढलं आणि मला नुसता मोजा दिला. म्हणाले, बाई, याच्या आत पाय आहे असं समजा."

इतकी वर्षं भिंगकाका ज्या मोज्याकडे बघत आला होता, कधी करडा, कधी पांढरा, एकदा तर चक्क लाल, त्यात त्याचा पाय होता. तो आईला शोधत होता, आणि ती दर प्रयोगाला खाली मान घालून त्याच्याच पायाकडे बघत होती.

"म्हणून दाखवता?" त्याने कसंबसं विचारलं.

"आता आवाज कुठे राहिला तो," बाई म्हणाल्या. तरी त्यांनी काठी बाजूला ठेवली, वाकून आपल्याच बुटाच्या बंदाशी चाळा केला आणि म्हणाल्या. अगदी हळू. बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली, पण त्याला प्रत्येक शब्द ऐकू आला. आवाज थकलेला होता, जरासा चिरकाही. आई इतकी म्हातारी कधी झालीच नव्हती. हा तिचा आवाज नव्हे हे त्याला पक्कं कळत होतं. आणि ती इतकी म्हातारी झाली असती तर किती बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं, आणि मग मात्र त्याला पडद्याआड जावं लागलं. चाक चालू करून तो तिथे उभा राहिला. घासायला काच नव्हती.

बाईंचा चष्मा त्याने असा करून दिला की त्या म्हणाल्या, आता प्रेक्षकांतली शेवटची रांगसुद्धा दिसेल. त्या पुन्हा आल्या नाहीत. मुलाकडे परगावी राहायला गेल्या असं पुढे कोणाकडून तरी कळलं.

घरी येऊन त्याने बायकोला मोज्याची गोष्ट सांगितली. तिने टोमणा मारला नाही. जेवणं झाली, ताटं उचलली. मग हात पुसता पुसता म्हणाली, "पुढच्या वेळी मी येईन. बघू तरी."

पुढची वेळ आली ती दुपारच्या खेळाची. तरुण मुलामुलींची नवी कंपनी, कोणी ओळखीचं नाव नाही. बायको दवाखान्यातून परस्पर आली, पायांत अजून कामावरचे पांढरे बूट. दुसरा अंक सुरू झाला. पायरीवरची मुलगी फार तर पंचविशीची, आईपेक्षाही लहान. मोजा निळा. भिंगकाका पुढे सरकून बसला. मुलीने वाक्य बरं म्हटलं. वाईट नव्हतं. पण त्या दिवशी त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तो निळ्या मोज्याकडे बघत राहिला, आणि बुटातल्या बुटात त्याने पायाची बोटं हलवली.

मग त्याच्या लक्षात आलं, शेजारी बायको रडतेय. आवाज नाही, नुसतं पाणी वाहतंय. त्याला भरून आलं. त्याच्या आईसाठी हिलाही रडू आलं, असं त्याला वाटलं. त्याने तिचा हात धरला.

पडदा पडला. लोक उठले, गेले. बायको जागची हलली नाही.

"आवडली ना?" त्याने विचारलं. "जरा लहान होती, पण—"

"कोण?"

"ती. आई."

"तिच्याकडे माझं लक्षच नव्हतं हो," बायको म्हणाली. "तो मुलगा. पेटी घेऊन उतरतो ना, तो. शेवटची पायरी उतरल्यावर जरा थांबतो, पेटी या हातातून त्या हातात घेतो, आणि मागे वळून न बघता जातो. माझा दादा अगदी तसाच गेला. हुबेहूब. पेटी या हातातून त्या हातात. मी जिन्यात उभी होते, आणि मला वाटलं, आता वळेल, आता वळेल."

तिला एक मोठा भाऊ होता, जहाजावर नोकरीला गेला आणि परत आला नाही, एवढंच त्याला माहीत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याचा विषय दोनदा काढला असेल, आणि दोन्ही वेळा एका वाक्यात संपवला होता. क्षणभर भिंगकाकाला, खरं सांगायचं तर, थोडं लागलं. त्याच्या आईच्या नाटकात हिचा दादा कुठून शिरला? मग त्याला ते वकील आठवले, मामीला शोधत आलेले, आणि ती ताईवाली मुलगी. आपण त्यांच्यावर तेव्हा मनातल्या मनात केवढे चिडलो होतो तेही आठवलं.

"कसा होता गं तुझा दादा?" त्याने विचारलं.

बायकोने रुमालाने नाक पुसलं. "तुम्हाला काय सांगू," ती म्हणाली. "शीळ घालायचा. आंघोळ करताना, जिना चढताना, रागावला असला तरी. आई म्हणायची, याच्या तोंडाला बूच बसवा कोणीतरी. आणि गाणं कधीच पुरं करायचा नाही. अर्ध्यावर सोडून द्यायचा. आम्हाला अशी चुटपुट लागायची..."

सफाईवाला रांगांमधून झाडत त्यांच्यापर्यंत आला आणि झाडू टेकून उभा राहिला.

"काका, पुढचा खेळ आहे. उठायला लागेल."

"उठतो हो," भिंगकाका म्हणाला आणि पाय आखडून घेतले, म्हणजे त्यांच्या खालचं झाडता यावं. सफाईवाला पाहत राहिला, मग झाडून पुढे गेला. बाहेर दिवस अजून वर होता, उघड्या दारातून रस्त्याचा उजेड आत येत होता.

"कोणतं गाणं?" त्याने बायकोला विचारलं.

तिने आठवायचा प्रयत्न केला. ओठांचा चंबू केला, फुंकर घातली, नुसती हवाच आली. पुन्हा घातली. तिला शीळ घालता येत नव्हती.

"थांबा हं," ती म्हणाली, "आत्ता होती चाल डोक्यात."

तो थांबला.